चेंडूची चकाकी

सुरतेत ‘पॉलिश’ हा शब्द उच्चारला की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे हिरा उभा राहतो. आमच्या उधन्यात मात्र रविवारी या शब्दावरून निराळाच वाद रंगतो, आणि त्याचा विषय असतो क्रिकेटचा लाल चेंडू. त्याला काय लावावे?

खानदेशातून जळगाव-उधना लोहमार्गाने येऊन येथे स्थिरावलेल्या घराण्यांची ही तिसरी-चौथी पिढी. कुणी मागावर, कुणी हिऱ्याच्या कारखान्यात, कुणी कचेरीत. वर्गणी काढून कातडी चेंडू आणायचा, म्हणून त्याची निगाही जिवापाड. निवृत्तीनंतर पंचाची टोपी आमच्या मस्तकी आली, ती केवळ नियम वाचण्याच्या सरकारी खोडीमुळे.

चेंडूची एक बाजू गुळगुळीत आणि दुसरी खरबरीत राखण्यामागे शास्त्र आहे. खरबरीत बाजूला हवेचा पातळ थर खवळतो आणि चेंडूला अधिक काळ बिलगून राहतो. परिणामी चेंडू त्या बाजूकडे वळतो. वेग फार वाढला की हाच न्याय उलटतो. श्रीरामपूरहून येऊन बडोद्याकडून रणजी खेळलेल्या झहीर खानचा उलटा स्विंग आमच्या मुलांनी दूरदर्शनवर डोळे फाडून पाहिलेला!

मग चकाकीसाठी काय काय सुचवले जात नाही? मेणबत्तीचे मेण, व्हॅसलीन, मागाचे तेल. तेल कातड्यात मुरते, कातडे काळवंडते, वर धूळ चिकटते. मेणाने चकाकी येते हे नाकारण्यात अर्थ नाही. पण नियम आडवा येतो. मेरिलबोन क्लबच्या नियम ४१ प्रमाणे चेंडू अंगावरील कपड्यावर घासावा, लावायचाच तर फक्त घाम, आणि त्यात वेळ दवडू नये. थुंकी २०२० च्या साथीत बंद झाली आणि ऑक्टोबर २०२२ पासून नियमातूनच गेली. आयपीएलने मात्र २०२५ मध्ये तिला पुन्हा मोकळीक दिली. २००४ मध्ये ब्रिस्बेनला चेंडूवर खोकल्याची गोळी लागली, म्हणून राहुल द्रविडसारख्या सज्जनालाही निम्मे मानधन दंडापोटी द्यावे लागले. तेथे आमच्या गल्लीची काय कथा?

गतवर्षी उपांत्य सामन्यात चेंडू हाती घेतला, तो खोबरेलाचा वास! गोलंदाज आमच्याच गल्लीतला, आमच्या ओट्यावर वाढलेला. खिसे उलटे करून म्हणाला, “आप्पा, बाटली नाही, काही नाही. आईनं सकाळी डोक्याला तेल लावलं, ते घामाबरोबर आलं.”

मुलगा खरे बोलत होता, याविषयी आम्हास तिळमात्र शंका नव्हती. परंतु हेतू कोणता, हे नियम विचारीत नाही. चेंडूवर घामाखेरीज काय आहे, एवढेच विचारतो. समोरच्या संघाने तो वास आपल्या नाकाने घेतला होता. घरच्या पोराला सूट दिली असती, तर पुढल्या रविवारी कुणाच्या बाटलीला हरकत घ्यायची? आम्ही चेंडू बदलला आणि पाच धावांचा दंड पुकारला. सामना तीन धावांनी गेला.

आठवडाभर ओट्यावर कुणी फिरकले नाही. चहासुद्धा आम्ही एकट्यानेच घेतला, आणि तो कडू लागला हे लपवीत नाही. नंतर त्या मुलाची आईच आली. म्हणाली, “आप्पा, तुमच्या त्या पाच धावांपायी हा रविवारी डोक्याला तेलाचा थेंब लावू देत नाही. केस पाहा कसे झालेत, नुसता झाडू!”