ज्याला चिठ्ठी नव्हती

26 मे 2025 ला मुंबईत मान्सून आला आणि भाईंदरजवळच्या चौकच्या किनाऱ्यावर वलांडीवर टांगलेले आमचे बोंबील भिजले. आई आणि बायको पहाटेपासून ते उतरवत होत्या. असा भिजलेला माल पुन्हा नीट वाळत नाही, त्याला वास सुटतो आणि बाजारात कुणी हात लावत नाही. 1 जूनपासून 31 जुलैपर्यंत मासेमारी बंद. ते 61 दिवस आमच्यासारखी घरं सुक्या मासळीवर आणि मागे टाकलेल्या पैशांवर निघतात. नेमक्या त्याच आठवड्यात मला विमानतळावर युनियनच्या मतदानाची चिठ्ठी टाकायची होती. पगारवाढीचा करार मान्य की अमान्य? आणि अमान्य असेल तर संपाची नोटीस द्यायची का?

मी लोडर आहे, 19 वर्षं झाली. चौकहून परिवहनची बस, भाईंदरहून लोकल, अंधेरीला उतरून सहार. ए-320 विमानाच्या पोटात ताठ उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर बसायचं, बेल्टवरून आलेली बॅग ओढायची आणि मागच्या जोडीदाराकडे सरकवायची. एकेक नग 32 किलोपर्यंत भरतो. मेच्या दुपारी आत भट्टी पेटलेली असते आणि विमान पुन्हा निघायला बऱ्याचदा पाऊण तासही नसतो. माझे दोन्ही गुडघे आता जिना उतरताना वाजतात.

माझा भाचा माझ्याच टोळीत होता. काम तेच, शिफ्ट तीच. फरक एवढाच की मी कायम आणि तो तीन वर्षांच्या मुदतीवर. त्याची मुदत डिसेंबरमध्ये संपत होती. युनियनचे सभासद फक्त कायम कामगार, त्यामुळे चिठ्ठी मला होती, त्याला नव्हती.

करारात आम्हाला महिना साडेतीन हजारांची वाढ होती. मुदतीवरच्या पोरांबद्दल अक्षर नव्हतं. हा कलम बारा-तीनचा करार, म्हणजे केंद्राच्या समेट अधिकाऱ्यासमोर सही होणारा. असा करार सभासदांपुरता राहत नाही, तो तिथल्या सगळ्या कामगारांना लागू होतो, पुढे भरती होणाऱ्यांनासुद्धा. म्हणजे भाच्याला तो बांधणार होता आणि त्याला कुणी विचारणार नव्हतं. 19 वर्षांत मी असे करार पाहिले, त्यांना टाळ्याही वाजवल्या. ही गोष्ट तेव्हा माझ्या डोक्यात आली नव्हती, याची मला लाज वाटते.

सभेत सरचिटणीसांनी तेव्हाचा कायदा वाचून दाखवला. विमानसेवा लोकोपयोगी सेवेत मोडते. संपाआधी 14 दिवसांची नोटीस लागते. समेटाची बोलणी चालू असताना आणि ती संपल्यावर सात दिवस संप करता येत नाही. नोटीस न देता दहा जणांनी मिळून काम टाकलं तर आठ दिवसांपर्यंतचा पगार कापता येतो. मागून एक पोरगा ओरडला, "मग सगळ्यांनी सिक मारू!" 2009 च्या सप्टेंबरात जेट एअरवेजच्या वैमानिकांनी तेच केलं होतं. पाच दिवस विमानं अडकली आणि काढलेले सहकारी परत घेतले गेले. पण वैमानिकाच्या खुर्चीत दुसऱ्या दिवशी दुसरा बसवता येत नाही. जुलै 2024 मध्ये कलिन्याला लोडरच्या भरतीसाठी हजारो पोरं लोटली होती, ती गर्दी आम्ही सगळ्यांनी पाहिली होती. सभेत कुणी तिचं नाव काढलं नाही.

जेटचं पुढचंही मला आठवत होतं. पगार थकले म्हणून वैमानिकांनी 15 एप्रिल 2019 पासून उड्डाण बंद करायचं ठरवलं, मग आदल्या दिवशी ते पुढे ढकललं. 17 तारखेला कंपनीच बंद पडली. शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं तेव्हा मी नाईटला होतो. ज्या मालकाला विमान उडवायचं आहे त्याच्यापुढेच संपाला धार असते, हे मी त्या रात्री शिकलो.

सभेत माझ्या बाजूला लालबागचा जोडीदार बसला होता. त्याचे वडील गिरणीत होते. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू झाला तेव्हा हा सहा वर्षांचा. तो हळूच म्हणाला, "तो संप कुणी मागे घेतलाच नाही. आमच्या घरात तो अजून चालू आहे."

मतदानाच्या आदल्या संध्याकाळी पाऊस थांबला होता. भाचा आणि मी चौकच्या धारावी किल्ल्यावर चिमाजी अप्पांच्या पुतळ्याजवळ बसलो. खाडीपलीकडे वसई दिसत होती. बराच वेळ गप्प राहून तो म्हणाला, "मामा, तुम्ही संपावर गेलात तर मला कामावर बोलावतील. नाही आलो तर डिसेंबरात माझा कागद पुढे जाणार नाही. आलो तर तुमच्या तोंडाकडे बघू कसा?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. घरी बायकोला विचारलं. तिने डबा उघडून पैसे मोजले. भिजलेल्या मालाचे वजा करून म्हणाली, "जुलैपर्यंत तुमचा पगार आला नाही तर बोटीची डागडुजी राहील. जाळी मात्र होतील. तुम्हाला जे खरं वाटतं ते टाका."

मी करार अमान्य केला आणि नोटिशीला हो म्हटलं. संप व्हावा अशी माझी इच्छा नव्हती. 14 दिवसांत पुन्हा टेबलावर बसून भाच्यासारख्यांसाठी एक ओळ तरी घालून घेता आली असती, एवढाच हिशेब होता. थोड्या मतांनी करार मान्य झाला. मान्य म्हणणाऱ्यांना मी दोष देत नाही. त्यातल्या बऱ्याच जणांच्या घरात आमच्यासारखी बोट नाही. फरकाची रक्कम गणपतीआधी हातात आली. आईने त्या रकमेतले पैसे भाच्याच्या हातावर ठेवले, त्याने ते परत केले.

डिसेंबरात त्याची मुदत वाढली नाही. एंट्री पास जमा करून तो दुपारच्या बसने घरी आला. आता तो माझ्या भावाच्या बोटीवर जातो.

21 नोव्हेंबर 2025 पासून नवी औद्योगिक संबंध संहिता लागू झाली आहे. 14 दिवसांची नोटीस आता प्रत्येक उद्योगाला लागते, आणि निम्म्या कामगारांनी एकाच वेळी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच धरला जातो. वाट आणखी अरुंद झाली आहे, म्हणून संघटनेतल्या माझ्या भावांना हात जोडून सांगतो. पुढचं मागणीपत्रक लिहाल तेव्हा मुदतीवरच्या पोरांची मागणी पहिल्या क्रमांकावर घाला. त्याआधी त्यांना सभासद करून घ्या आणि त्यांच्या हातात चिठ्ठी द्या.