पुरे कधी म्हणायचं?



गेल्या दशलक्षण पर्वात आकिंचन्याच्या दिवशी मी वहीत परिग्रहाचं परिमाण लिहिलं. सोनं इतकं, साड्या इतक्या, ठेवी आणि शेअर मिळून इतके. बी.कॉम. असल्यामुळे घरचे हे व्यवहार मीच बघते. यंदा बाजार चढला आणि आकडा मर्यादेच्या वर गेला. खरं सांगते, हात आधी खोडरबराकडे गेला. मर्यादाच वाढवली की व्रत मोडल्यासारखं वाटणार नाही!

त्याच सुमारास सर मोझेस माँटेफिओरे यांच्याविषयी वाचलं. जन्म 1784 चा, धर्माने ज्यू, लंडनच्या शेअरबाजारातले दलाल. तेव्हा लंडन शहरात ज्यू दलालांना फक्त बारा परवाने मिळत. 1806 मध्ये एकाने फसवलं आणि ग्राहकांचे पैसे बुडाले. पुन्हा उभं राहायला वर्षं लागली. पुढे प्रसिद्ध सावकार नेथन रॉथशिल्ड त्यांचे साडू झाले, भरभराट झाली. आणि चाळिशीच्या आसपास, ऐन कमाईत, त्यांनी धंदा आवरता घेतला. आता पुरे, असं पत्नी ज्युडिथनेच सुचवलं म्हणतात.

उरलेली साठ वर्षं दानधर्मात गेली. 1840 मध्ये दमास्कसला ज्यू लोकांवर खुनाचा खोटा आळ आला, तेव्हा दोघं इजिप्तपर्यंत गेले आणि तुरुंगातले जे जिवंत होते ते सुटले. 1857 मध्ये जेरुसलेमला पवनचक्की उभारली, गरिबांना आपलं पीठ आपण दळता यावं म्हणून. प्रवासातही खाण्यापिण्याचे धर्मनियम पाळायचे, आपण शिखरजीला डबे घेऊन निघतो तसंच. 1885 मध्ये गेले, तेव्हा शंभरी पार झाली होती.

त्यांना मूलबाळ नव्हतं, म्हणून जमलं, असं माझ्या मनात आलंच. पण मूलबाळ नसलेलेही शेवटपर्यंत साठवताना मी पाहिलेत.

यांना वही दाखवली. हे म्हणाले, “अगं, म्हातारपणी दवाखान्याला लागतील.” भीती खोटी नाही. पण दवाखान्याची रक्कम मी मर्यादा लिहितानाच धरली होती. बेरीज पुन्हा करून दाखवली. बराच वेळ गप्प बसले, मग म्हणाले, “वरचे काढ.” ते पाठशाळेला आणि दोन मुलींच्या फीला दिले.

आकडा होता तोच ठेवलाय. पुढच्या वर्षी पुन्हा मोह होईल, हे मला माहीत आहे.

तुमच्या वहीत मर्यादा लिहिली आहे का? नसेल तर आकडा पेनाने लिहा बरं, पेन्सिलीने नको.

जय जिनेंद्र.