दोन बाइटांचा काटा

निफाड तालुक्यातील द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये साडेचार किलोंची पेटी काट्यावर चढली की तिचे वजन संगणकात पोचते ते पुष्कळदा एका बोटभर रूपांतरकातून. काटा जुन्या सिरियल पद्धतीने एकेक अक्षर पाठवतो, संगणकाला कळते यूएसबी, आणि या दोघांतले दुभाषेपण रूपांतरकातली चिप व कार्यप्रणालीतला तिचा ड्रायव्हर, म्हणजे त्या चिपची बोली जाणणारा प्रोग्रॅम, वाटून घेतात.

अशा रूपांतरकांतल्या एफटीडीआय कंपनीच्या साध्या चिपा ६४ बाइटांची पाकिटे पाठवतात. त्यांतले पहिले दोन बाइट चिपची स्थिती सांगतात आणि उरलेल्या ६२ बाइटांत काट्याचा मजकूर मावतो. ड्रायव्हर लिहिणाऱ्याने हे दोन बाइट प्रत्येक पाकिटातून न काढता फक्त एका खेपेत आलेल्या बाइटांच्या साठ्याच्या आरंभी काढले, तरी ती चूक महिनोन्‌महिने दडून राहते, कारण ९६०० बॉड वेगाच्या काट्याकडून, अर्धवट पाकीटही रवाना करण्याच्या चिपच्या १६ मिलिसेकंदांच्या मुदतीत, पंधराएकच अक्षरे येतात, पाकीट अर्धवट भरते आणि अर्धवट पाकिटाशी यूएसबीची ती खेप संपते. मात्र लेबलाचा प्रिंटर अडला, वजन वाचणारा प्रोग्रॅम काही सेकंद त्याच्यासाठी खोळंबला आणि चिपमध्ये अक्षरे तुंबली, की पुढच्या खेपेत भरलेली पाकिटे एकामागोमाग येतात व दुसऱ्याचे स्थितीबाइट थेट आकड्याच्या मधोमध पडतात. त्यांतला पहिला बहुधा दिसतच नाही. दुसऱ्याचे मूल्य बहुधा षोडशमानातले ६०, म्हणजे पडद्यावर उलट्या अवतरणासारखे ` हे चिन्ह, आणि ४.५ मध्ये ते उमटले की संशय जातो काट्यावर, केबलवर, फार तर तिथल्या धुळीवर.

अशा वेळी केबल बदलून पाहणे हा वेळकाढूपणाच. लिनक्समधील यूएसबीमॉन ही सोय ड्रायव्हरला मिळणारे कच्चे बाइट दाखवते. तिथे ते चिन्ह बरोबर ६४ बाइटांच्या अंतराने दिसले की तपास जवळपास संपतो. दुरुस्ती जेमतेम चार ओळींची असते: साठा पाकिटागणिक तोडायचा आणि प्रत्येकाचे पहिले दोन बाइट गाळायचे. पण ६४ हा आकडा तिथे ठोकून बसवणे ही दुसऱ्या दोषाची पेरणी ठरते, कारण जलदगती चिपांचे पाकीट ५१२ बाइटांचे असते. तो आकार उपकरणालाच विचारावा लागतो. चाचणी मात्र पेटी ठेवून होत नाही. अक्षरे तुंबावीत यासाठी प्रिंटरचा कागद मुद्दाम काढून ठेवावा लागतो.