काहीच नाही केलं, बंदच पडलं

"काईच नाई केलं मी. आपोआपच बंद पडते." पवनारमध्ये ज्याला विचारावं तो हेच सांगायचा. शेतीच्या नोंदी ठेवणाऱ्या एका ॲपच्या तक्रारी गोळा करायच्या, हे माझं नवंकोरं काम. ऑफिसनं दिलेल्या फॉर्ममध्ये रकाने होते: ॲपची आवृत्ती, बंद पडण्याआधी काय काय केलं, कोणता एरर आला. आवृत्ती म्हटलं की समोरचा फोनच माझ्या हातात द्यायचा.

मुळात हे विचारावं का लागतं, तेच मला उमगेना. ॲप कोसळलं की त्याचा अहवाल आपसूक कंपनीकडे जातो, असं मला शिकवलेलं. जातो, पण बहुतेकदा लगेच नाही. तो आधी फोनमध्येच साठतो; ॲप पुन्हा उघडलं आणि नेट असलं की मगच निघतो. इकडे ॲप बिघडलं की घरातला पोरगा ते काढून टाकतो आणि नव्यानं घेतो. गावातला हा रामबाण इलाज, आणि त्यासरशी साठलेला अहवालही पुसला जातो. ऑफिसातल्या पडद्यावर मग सगळं आलबेल!

धाम नदीच्या अलीकडे एका मावशींच्या ओसरीवर मी फॉर्म पिशवीत टाकला. म्हटलं, "मावशी, तुम्ही नेहमी करता तसं करा, मी नुसतं बघते." त्यांनी गट नंबर टाकला, कपाशी निवडली, क्षेत्र लिहिलं दोन एकर. "पाय पोरी, आता बंद पडन." पडलं. सुनेच्या त्याच कंपनीच्या फोनवर मात्र सुरळीत.

मावशींना पुन्हा करायला लावून मी व्हिडिओ घेतला आणि सावकाश पाहिला. बंद पडण्याआधी क्षणभर हेक्टरचा आकडा दिसत होता: ०.८१. मराठी आकड्यांत. सुनेच्या फोनवर तोच इंग्रजी आकड्यांत होता, कारण तिच्या फोनची भाषा इंग्रजी.

डेव्हलपरनं फोनवर उलगडून सांगितलं ते मला अर्धंमुर्धं कळलं. फोन मराठीत असला की ॲप एकराचं हेक्टर करून मराठी आकड्यांत लिहितं. पुढच्याच ओळीत तोच मजकूर संख्या म्हणून वाचायला जातं, आणि दशांश वाचणाऱ्या त्या सूचनेला इंग्रजी आकडेच कळतात. पूर्णांक मराठीत चालतात, अपूर्णांक नाही! हे असं का, ते विचारायचा धीर झाला नाही. ऑफिसात सगळ्यांचे फोन इंग्रजीत, तिथे ते पडणार कसं? भारतातल्या सगळ्या भाषा नागरीतही लिहाव्यात असं विनोबा सांगत. त्यांच्या पवनारात हे व्हावं, याचं मला हसूच आलं. मावशींनी खरोखरच काही केलं नव्हतं.

आता मी आधी फोनची भाषा विचारते, मग बंद पडण्याआधी शेवटचं काय दिसलं ते. आणि बजावते, "काढू नका. नेट चालू करून एकदा उघडा, मग काय करायचं ते करा." ऐकतात निम्मेच.

दुसरी एक तक्रार मात्र अजून तशीच आहे. पिकाचा फोटो काढायला कॅमेरा उघडला की स्वस्तातल्या फोनची मेमरी अपुरी पडते, आणि फोन मागचं ॲप गुपचूप संपवतो. परत यावं तर सगळं कोरं. ना एरर, ना अहवाल. फॉर्मच्या कोणत्या रकान्यात हे भरू, म्हणून ऑफिसला विचारलं, तर 'इतर'मध्ये लिहा म्हणाले.