गंगाखेडच्या वाटेवरची लाल कालवड

परभणीहून गंगाखेडकडे निघालात की काळ्या रानात लाल जनावर लांबूनच नजरेत भरते. ही आपली लाल कंधारी. नाव नांदेडच्या कंधारचे, पण आपल्या गंगथडीलाही ती तितकीच रुळलेली. दूध वेताला सरासरी सहाशे लिटरच्या आसपास, पण गोऱ्हा औताला पक्का.

कालवड घेताना मात्र नुसत्या रंगाला भुलू नका. नोकरीच्या पहिल्या वर्षी मी भुललो. बाजारात एका शेतकऱ्याला तकतकीत कालवड घेऊन दिली. ती कधी गाभणच राहिली नाही. मागाहून कळले, ती गोऱ्ह्याबरोबरची जुळी. अशा दहापैकी नऊ कालवडी वांझ निघतात. त्या माणसासमोर जायची मला पुढे लाज वाटे.

तेव्हा बाजाराआधी गोठा गाठा. तिची आई पाहा. किती वेते झाली, वर्ष-दीड वर्षाने नेमाने विते का, ते विचारा. मग कालवड चालवून पाहा. खूर सारखे टेकावेत, मागचे पाय एकमेकांना घासू नयेत, पुठ्ठा रुंद असावा, चारही सड सुटे असावेत. चरबी चढलेली नको. आणि मालक वेते सांगताना अडखळला, तर गाईच्या शिंगावरची वलये मोजा; साधारण वेताला एक.