फुसका बार

दिवाळीला चार दिवस कळवणला होतो. फराळ झाला, नातेवाईक झाले, आणि मग अकरावीतला मामेभाऊ म्हणाला, "दादा, तो फाशांचा खेळ आणलायस ना?" आणला होता. डंजन्स अँड ड्रॅगन्स. माडीवर सतरंजी पसरली, शाळेतले दोन मित्र आले आणि मी डंजन मास्टर झालो.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी: एकजण गोष्ट सांगतो, बाकीचे त्यातली पात्रं होतात, आणि काय जमलं काय नाही ते फासे ठरवतात. ड्रॅगन वगैरे कळवणात शोभेनात, म्हणून मी गोष्ट आणली 1768 सालात. धोडपच्या किल्ल्यावर राघोबादादा, खाली माधवराव पेशव्यांचं सैन्य. धोडप इथून फार लांब नाही. कातळभिंतीतली ती खाच सगळ्यांच्या ओळखीची. मित्रानं धनुर्धारी घेतला. मामेभावानं मात्र ठणकावून सांगितलं, "मी गारदी. बंदूक पाहिजे."

इथेच गोची झाली. 2014 च्या नियमांत लांब धनुष्याला आठ बाजूंचा फासा आणि पल्ला 150 फूट. मस्केटला बारा बाजूंचा फासा, पण पल्ला 40 फूट. शिवाय लोडिंगची अट: एका टर्नला एकच गोळी. आमची पात्रं पाचव्या लेव्हलची, म्हणजे धनुर्धारी एका टर्नला दोन बाण सोडणार. फाशाची सरासरी अधिक 3 असा हिशोब केला तर दोन बाणांचे 15, आणि गोळीचे साडेनऊ. पोरगं हिरमुसेल म्हणून मी लोडिंगची अट काढून टाकली. आता गारदीचे झाले 19! दोन मारामाऱ्यांनंतर धनुर्धारी म्हणाला, "मग मी कशाला बाण ओढत बसू?"

मग मी तेच केलं जे आपण ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी करतो. न तपासता पॅच टाकला. चालू खेळात जाहीर केलं की वीस बाजूंच्या फाशावर 1 किंवा 2 पडला तर बार फुसका, आणि बंदूक साफ करायला एक टर्न. कल्पना माझी नव्हती, मॅथ्यू मर्सरच्या गनस्लिंगरमध्ये मिसफायर आहेच. दहा टक्के म्हणजे काय फार नाही, असं मला वाटलं.

पुढच्या तासाभरात मामेभावाचा बार तीनदा फुसका गेला. तिसऱ्यांदा सगळे हसले. मीही हसलो. तो हसला नाही. हळूच म्हणाला, "दादा, मी तलवारच घेतो ना."

रात्री झोप येईना. कागद घेतला. दहा गोळ्यांत एकदा तरी बंदूक अडकायची शक्यता 65 टक्के निघाली! आणि गंमत बघा, जितका गारदी तरबेज, तितक्या गोळ्या जास्त, तितका जास्त वेळा तो तोंडावर पडणार. नवशिक्यापेक्षा उस्तादाची फजिती जास्त, हा कुठला न्याय? सरासरी जुळवली होती मी, पण त्याच्या हातात ठरवण्यासारखं काहीच ठेवलं नव्हतं. फासा पडेपर्यंत तो काही करू शकत नव्हता, आणि पडल्यावर नुसता बसून राहत होता.

ठासणीच्या बंदुकीचा खरा तोटा काय? दारू ओता, गोळी टाका, गजानं ठासा. वेळ लागतो. म्हणजे पहिला बार मोलाचा, तो कधी आणि कुणावर उडवायचा हा खरा प्रश्न. सकाळी चहाबरोबर नवा नियम लिहिला: भरलेल्या बंदुकीला बारा बाजूंचे तीन फासे, पण परत भरायला अख्खा टर्न. भरायला सोबत्यानं मदत केली तरी चालेल, त्याचा टर्न जाईल. मिसफायर बाद. चार फेऱ्यांचा हिशोब केला: गारदीचा एक बार साडेबावीस, मग तीन फेऱ्या तलवारीचे 39, एकूण साडेएकसष्ट. धनुर्धाऱ्याचे 60. पण गारदीला त्यासाठी अंगावर जावं लागणार.

यावेळी खेळ सुरू करायच्या आधी सगळ्यांना वाचून दाखवला आणि विचारलं, "मान्य?" लहानपणी गल्लीत क्रिकेट खेळताना आपण हेच करायचो की. एक टप्पा आउट, पलीकडच्या गच्चीत बॉल गेला तर आउट, धाकटा कच्चा लिंबू. नियम कसलेही असोत, पहिला बॉल पडायच्या आधी सगळ्यांना माहीत असायचे. मधेच बदलला की भांडण ठरलेलं.

संध्याकाळी गारदी तीन फेऱ्या कातळाआड नुसता बसून राहिला. गोळी उडवेना. चौथ्या फेरीत, पहारेकऱ्यांचा नाईक दारात आला तेव्हा उडवली. लागली. आणि पुन्हा बंदूक भरायला कोण धावलं असेल? धनुर्धारी!

2024 च्या हँडबुकात पिस्तूल आणि मस्केट नेहमीच्या शस्त्रांच्या यादीतच आलेत, त्यामुळे हा प्रश्न आता बऱ्याच टेबलांवर येणार. माझा नियम तुमच्याकडे चालेलच असं नाही. फक्त आकडे जुळले की टेबलावरच्या माणसाच्या तोंडाकडेही एकदा बघा.

असो. निघताना मामेभावानं विचारलं, "दादा, मे महिन्यात येशील ना?" बंदूक भरलेलीच ठेवलीय म्हणाला.