तबकडीच्या शेवटी

जुनी नाणी, पोस्टाची तिकिटे, काडेपेट्यांवरची चित्रे जमवणारे लोक आपण पाहतो. मला छंद आहे तो ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्या जमवण्याचा. या तबकड्या लाखेपासून बनवत. त्या जड असतात आणि हातातून पडल्या तर काचेसारख्या फुटतात. एका बाजूवर जेमतेम तीन मिनिटांचे गाणे मावते. आज खिशातल्या फोनमध्ये हजारो गाणी राहतात, मग हे ओझे घरात कशाला, असे मला घरचे विचारतात. गाणे तर मला आवडतेच. पण तबकडीवर गाण्याखेरीज जे राहून गेले आहे, त्याचे कोडे सोडवणे मला अधिक आवडते.

हे कोडे समजण्यासाठी थोडे मागे जायला हवे. १९०२ साली लंडनच्या ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गेसबर्ग हा तंत्रज्ञ कलकत्त्याला आला. तेथे हॉटेलच्या खोल्यांत त्याने तात्पुरता स्टुडिओ उभारला. तेव्हा मायक्रोफोन वापरात नव्हता. गायिकेने मोठ्या कर्ण्यासमोर बसून जोराने गायचे. तिच्या आवाजाने कर्ण्याला जोडलेली सुई थरथरे आणि मेणाच्या फिरत्या चकतीवर रेघ कोरत जाई. ती चकती लगेच वाजवून पाहिली तर खराब होई. म्हणून चूक झाल्याची शंका आली, तर तेच गाणे पुन्हा गावे लागे. अशा प्रकारे एकाच गाण्याच्या दोन-तीन चकत्या तयार होत.

पहिल्या वर्षांत या चकत्या जहाजाने जर्मनीतील हॅनोव्हरला जात आणि तेथील कारखान्यात त्यांच्यावरून तबकड्या निघत. तेथील कामगारांना आपल्या भाषा येत नव्हत्या. कोणते गाणे कोणाचे, हे त्यांना कसे कळणार? त्यासाठी गाणे संपताच गायिकेने स्वतःचे नाव उच्चारायचे, अशी पद्धत पडली, असे सांगतात. नोव्हेंबर १९०२ मध्ये प्रसिद्ध गायिका गौहर जान यांनी गाणे संपवले आणि त्या इंग्रजीत म्हणाल्या, "माय नेम इज गौहर जान." त्यांच्या कितीतरी तबकड्यांच्या शेवटी हे वाक्य ऐकू येते. १९०८ साली कलकत्त्यातच कारखाना निघाला, पण नाव सांगण्याची पद्धत पुढेही काही काळ राहिली.

एकदा मुंबईच्या चोरबाजारात मला एक तबकडी मिळाली. तिच्या मधोमध चिकटवलेला कागद निघून गेला होता. मी दुकानदाराला विचारले, "चाचा, हिच्यावरचे नाव कुठे गेले?"

ते म्हणाले, "पावसात भिजली, बेटा. कागद गेला, गाणे शाबूत आहे. तू नेली नाहीस तर भंगारात जाईल."

रविवारी आम्ही तिघे मित्र जमलो. आमच्यातले सर्वांत वयस्कर गृहस्थ, ज्यांना आम्ही काका म्हणतो, दोन ओळी ऐकताच म्हणाले, "गौहर जानच!" दुसरे तबला शिकवतात. त्यांनी मान हलवली. "नाही काका, यंत्र फार जोरात फिरते आहे, म्हणून आवाज बारीक वाटतो. जरा वेग कमी करा."

त्यांचे म्हणणे बरोबर होते. त्या काळातल्या सगळ्याच तबकड्या मिनिटाला नेमके ७८ फेरे घेत नसत. वेग चुकला की स्वरही चुकतो. आम्ही वेग कमी केला. गाणे संपले. सुईच्या खरखरीतून एक बाई स्पष्ट म्हणाली, "जानकीबाई, इलाहाबाद." वाद मिटला. शिवाय बोलणे माणसासारखे वाटले, तेव्हा वेगही ठीक असल्याची खात्री पटली.

मग आम्ही तबकडीवर तिरपा उजेड पाडला. गाण्याच्या रेघा संपतात तेथे बारीक अंक कोरलेले असतात. त्यांवरून ध्वनिमुद्रणाचा माग काढता येतो. आमच्या तबकडीवरचे शेवटचे दोन अंक झिजले आहेत. काका एक अंक ३ आहे म्हणतात, मला तो ८ दिसतो. हा वाद अजून मिटलेला नाही.

इतक्या बारीक गोष्टींसाठी एवढा खटाटोप का करायचा? या गायिकांना त्यांच्या काळात लाखो लोकांनी ऐकले. १९११ च्या दिल्ली दरबारात गौहर जान आणि जानकीबाई दोघी एकत्र गायिल्या. जानकीबाई उर्दूत शायरीही करत. त्यांचा दीवान प्रसिद्ध झाला होता. पण अशा अनेक गायिकांविषयी फारच थोडे लिहून ठेवले गेले. नाव सांगण्याची पद्धत कंपनीने स्वतःच्या सोयीसाठी पाडली. आज मात्र तो त्या गायिकांनी स्वतःच्या आवाजात दिलेला पुरावा ठरला आहे. कागद भिजला, तरी तो पुसला गेला नाही.

पुष्कळ गाण्यांची मूळ साधने आता उरलेली नाहीत. कोणाच्या तरी माळ्यावर पडलेली तबकडी हीच त्या गाण्याची शेवटची प्रत असू शकते. म्हणूनच १९९० साली मुंबईत तबकडी-संग्राहकांची एक संस्था सुरू झाली. अशा लोकांनी तबकड्यांच्या याद्या केल्या, एकमेकांचे अंक पडताळून पाहिले आणि चुका दुरुस्त केल्या.

तुमच्या आजी-आजोबांच्या घरी अशी तबकडी सापडली तर ती फेकू नका. मऊ, कोरड्या कापडाने पुसून उभी ठेवा. तिच्यावरची अक्षरे आणि अंक वहीत लिहून घ्या. आणि ती वाजवण्याची संधी मिळाली, तर गाणे संपले म्हणून सुई लगेच उचलू नका. कदाचित कोणीतरी आपले नाव सांगत असेल.